मौन जोडी

दि. २ मार्च

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

फोन तुझ्या भाचीच्या उशाशी आहे आणि तिचे कान शाबूत आहेत, म्हणून लिहिते. बाळंतपणापर्यंत तिला पलंगावरून उठायचं नाही. ती पडून हुकूम सोडते, मी झेलते. इतक्यात काही माझं येणं होत नाही.

निघताना तुला एकच काम सांगितलं होतं. यांचं हृदय नुकतंच दुरुस्त होऊन आलंय, रोज यांच्याबरोबर जेवायला जा. आता शेजारीण कळवते, की तू उंबरा चढत नाहीस आणि हे ओट्यापाशी उभ्या उभ्या दूध-बिस्किटं खाऊन झोपतात. यांना विचारलं, तर म्हणाले तुझ्या भावाला विचार. तुमच्या गोल्फ क्लबात असं कोणतं राज्य बुडालं?

लोभ तुझ्यापाशी शिल्लक असेल तर त्यातला थोडा यांच्यावरही करावा.

तुझी,
बेबी

दि. ८ मार्च

चि. सौ. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

मी कुणाची उणीदुणी काढत नाही, पण तू विचारलंस. स्पर्धा मी ठरवतो हे तुला ठाऊक आहे. यंदा दोरीची स्पर्धा ठेवली, प्रत्येकानं घरून सारख्याच लांबीची दोरी आणायची. चेंडू वाळूत फसला, की हातानं उचलून बाहेर ठेवायचा आणि जेवढा हलवला तेवढी आपली दोरी कापून टाकायची. दोरी संपली की नशीब आपलं. जन्मभर बनियनचं दुकान चालवलेल्या तुझ्या यजमानांनी दोरी म्हणून इलॅस्टिक आणलं. ताणत ताणत वाळूतून थेट खड्ड्याजवळच्या हिरवळीवर पोचले. मी त्यांना बाद केलं. त्यावर चारचौघांत म्हणाले, की दातांच्या डॉक्टरला माणसाची पारख कुठून असणार, यानं उभ्या आयुष्यात फक्त लोकांच्या दाढा पाहिल्या. आता त्यांच्या ताटाला ताट लावून मी बसू?

पुढच्या रविवारी मौन जोडी आहे. दोघांत एकच चेंडू, आळीपाळीनं मारायचा. कमी फटक्यांत संपवेल ती जोडी जिंकली, आणि तोंडातून निघालेल्या प्रत्येक शब्दाला एक फटका दंड. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझ्या नशिबी कोण आलं हे लिहीत नाही. तुझ्या हसण्यानं पोरीची झोपमोड व्हायची.

आशीर्वाद आहेतच, हिशेबात धरू नयेत.

दादा

दि. १२ मार्च

ती. दादास,
सा. न.

झोपमोड झाली. जोडी उत्तमच जमली, तुमचा सराव तर आधीपासून चालू आहे. आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसानं तोंड बंद ठेवण्याची स्पर्धा काढावी, यात क्लबची प्रगती दिसते.

थट्टा पुरे. यांना दम लागला तरी हे सांगायचे नाहीत. तिथे मी नाही. तूच आहेस.

बेबी

दि. १७ मार्च

प्रिय सौ.स,
स. न. वि. वि.

कालच्या स्पर्धेत तुझ्या दादांनी आणि मी इतिहास घडवला. बँकवाले नवराबायको पहिल्याच खड्ड्याला बाद झाल्यात जमा. त्यानं तिला काठी कशी धरावी हे सांगितलं, आणि तिनं लग्नापासूनचं सगळं. आम्ही मात्र हूं की चूं केलं नाही. गुण लिहिणारे गृहस्थ आमच्याकडे साधूंकडे बघावं तसे बघू लागले. शेवटच्या चढाला आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो.

तिथे मला दम लागला. मी काठीवर रेलून झाड बघत असल्याचं दाखवलं. फटका दादांचा होता. त्यांनी मारलाच नाही. माझ्याकडे बघितलं, काठी टाकली आणि मला खाली बसा म्हणाले. मी ओठांवर बोट ठेवलं, कारण जिंकत होतो. त्यांनी गोळी कुठाय म्हणून विचारलं. वरच्या खिशात, आणि दंड पडतोय, असं मी सांगितलं. तर म्हणाले, खड्ड्यात गेला दंड. गोळी जिभेखाली ठेवून सकाळी काय खाल्लं ते विचारलं. मी खरं सांगितलं. मग जे काही तोंड सुटलं त्या माणसाचं. लिहिणाऱ्यानं थोडा वेळ दंड मांडला, मग पेन्सिल खिशात घातली आणि गाडी आणायला धावला. त्या क्लबात इतक्या वाईट गुणांनी आजवर कुणी हरलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. एक गोळी बदलली, चढ बंद. काळजी नको. दादा काल रात्रीच बॅग घेऊन राहायला आले आहेत. आत्ता आत सूप करताहेत, वास बरा नाही. बोलतात मात्र अखंड, सगळं माझ्याच चुकांवर. उत्तर द्यायचं म्हणून मला शेवटपर्यंत ताटावर बसावं लागतं.

लेकीचं सुखरूप होऊ दे. सावकाश ये. इथे मला ओरडायला माणूस आहे.

शेवटच्या क्रमांकाचा मानकरी,
तुझा नवरा