कुलूप सुमितला, घर दर्शनाला

मी, बायजाबाई बुधाजी सोनावळे, वय बहात्तर, राहणार कोंडाणे, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर हाय. डॉक्टरने तसा दाखला दिलाय. तरी कोणाला शंका असली तर त्याने माझ्याशी एकदा भांडून बघावं. मला कोणी धाक दाखवला नाय. माझ्याच धाकात समदी हायेत.

१. घर. हे माझ्या एकटीच्या नावावर हाय. नवरा गेल्यावर शाळेत खिचडी शिजवली, पावसाळ्यात कर्जत स्टेशनाबाहेर रानभाज्या विकल्या, त्यातनं बांधलं. पोराचा ह्यात हक्क लागत नाय असं वकिलाने सांगितलं. गोड वाटलं म्हणून मी परत एकदा सांगायला लावलं.

२. कुलूप. माझा मुलगा सुमित कामोठ्याला राहतो. चार वर्षांमागं त्याने दाराला कंपनीचं कुलूप बसवलं, वर कॅमेरा. दार लोटलं की आपोआप लागतं, बोट लावलं की उघडतं. माझी बोटं भात लावून झिजलेली, कुलपाला ओळखू येईनात. मंग मी कॅमेऱ्याला हात दाखवून "सुमित, उघड रं" म्हणायचं, आणि त्याने तिकडून फोनवर उघडायचं. किल्ली त्याच्याकडंच. "आई, तू हरवशील," म्हणाला.

दिवाळीच्या आधी कोंबड्यांना दाणे टाकायला भायेर आले आणि वाऱ्याने दार लागलं. आत गॅसवर भात, मागच्या दाराला आतनं कडी. हात दाखवला, हाका मारल्या, शेवटी शिव्या घातल्या. कॅमेरा मेलेला, कुलूप मुकं. कंपनीने जुन्या मालाकडं बघायचं बंद केलं होतं, तशी तिची जुनी कुलपं बंद पडली. तसा निरोप सुमितच्या फोनवर कधीचा आलेला. त्याने वाचला, मला सांगायचं तेवढं राहिलं.

समदी आळी बघत होती. पण आई बंद दाराला तोंड करून पोराला शिव्या घालतेय, म्हणजे सुमित आलाय, आत बसलाय आणि भांडण लागलंय, असं समजून एक पण बाई जवळ आली नाय. मायलेकरांच्या मधे पडायचं नाय, ही आमची रीत. समोरच्या रूपाने तर आपलं दार लोटून घेतलं, मला लाज वाटू नये म्हणून.

३. नंदा. ही शेजारीण. फणसाच्या झाडावरनं भांडण झालं, तवापासून आमी बोलत नाय. तीच आली, मजा बघायला.

"काय गं बायजे, पोराने काढली वाटतं भायेर?"

"पोरगा कामोठ्याला हाय. कुलपाने काढली."

हसून हसून ती खाली बसली. मंग करपल्याचा वास आला तशी पहार आणून चौकटीसकट कुलूप उचकटलं. काळा झालेला टोप बघून म्हणाली, "तुझा भात असाच असतो."

तिला माझा पाटा-वरवंटा द्यावा. फणस देऊ नये. अबोला मी मेल्यावर पण चालू राहील.

४. कंपनी. तिचं तोंड मी बघितलं नाय, तिला काय ठेवू? माझा कोयता ज्या लोहाराने केला तो कधीच मेला. जाताना कोयत्याची धार सोबत घेऊन गेला नाय. कंपनीला माझा तळतळाट. तो जुना होत नाय.

५. सुमित. मागल्या रविवारी नवीन खोकं घेऊन आला. "आई, ही कंपनी चांगली हाय. पाच वर्षांची हमी."

"आणि मी सहा वर्षं जगले तर?"

"तसं नाय गं..."

"मंग कसं रं?"

तो खोक्यावरचं बारीक वाचत बसला. जेवून जा म्हटलं, तर ट्रॅफिक लागेल म्हणाला.

म्हणून घर, ओटा, परसदार आणि फणस माझी खालापूरची मुलगी दर्शना हिला द्यावं. ती आठवड्याला येते, भांडते, जेवते, परत भांडते आणि जाते. सुमितला उचकटलेलं कुलूप, मेलेला कॅमेरा आणि ते नवीन खोकं द्यावं. खोकं मी उघडलेलं नाय, आयतं परत करता येईल.

६. वकील म्हणतो, जिती असेपर्यंत हे मृत्युपत्र बदलता येतं. हे सुमितला कळलं तर तो दर रविवारी येईल, जेवून जाईल, पाय पण चेपेल. म्हणून त्याला कोणी कळवायचं नाय. आला तर माझ्यासाठी येऊ दे. मी वाट बघते.

सही: बायजाबाई बुधाजी सोनावळे

आमच्या समोर सही केली. साक्षीदार:
१. जगदीश धर्मा रोकडे, कोंडाणे
२. निशिगंधा नामदेव रोकडे, कोंडाणे

ठिकाण: कर्जत
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५