हळदीचं बोट

अकोला, मंगळवार, दिवेलागण

महिना भरला. वाचनालयात मले कामावर ठेवतेत का काढतेत, याची सकाळपासून धास्ती होती. याच्या आंधी भाजीबाजारात हाळी देता आली नाई, कापसाच्या जिनात खोकला लागला. हे कामबी सुटलं असतं त?

पयल्या हप्त्यात मी आमच्या ग्रंथपाल गुरुजीले एका कारकुनानं वापस आनलेल्या पुस्तकावरचे हळदीचे डाग दाखवले. म्हनलं, दंड घ्याचा काय? ते हासले. "अरे पोट्ट्या, पुस्तक नेते कारकून, पन वाचते त्याची बायको, चुलीपाशी. हळदीचं बोट कुठं थांबलं ते पाह्य. तिथं तिले कंटाळा आला. आता तिच्यासाठी पुढचं पुस्तक तू निवड."

डाग त मीबी पायले होते. मले काहून नाई दिसलं हे? असा मानूस मी पायलाच नाई.

मी भीत भीत एक प्रवासाचं पुस्तक देलं. आज कारकून ते टेबलावर आपटून म्हने, "काय देलं बाप्पा! दोन दिवस भाजी करपून राहिली घरी!"

गुरुजीनं शेवटचं पान उघडलं. तिथवर हळदीचं बोट पोचलं होतं.

मंग त्याहीनं कपाटाची किल्ली माह्या हातात देली.