पाचशे अंशांवरचा श्वास

३ नोव्हेंबर
अडुसष्टाव्या वर्षी नवी नोकरी! माझी नात दोब्रावा वॉर्साबाहेरच्या या प्रयोगशाळेत संशोधक आहे, तिनंच माझ्यासाठी शब्द टाकला. काम फरशी पुसण्याचं, पण थाट केवढा! पांढरा झगा, टोपी, मास्क, पायांत पिशव्या. आरशात बघितलं तर सारण भरून वाफवलेली पिएरोगीच. दोब्रावानं समजावून सांगितलं, की सिलिकॉन कार्बाइडची चकती सोळाशे अंशांवर तापवली की तिच्यावर कार्बनची साय धरते, एका अणूएवढी जाड. तिला ग्राफीन म्हणायचं. तिचे सेन्सर करतात, आणि बाकीचे जिथं जळून जातात त्या अणुभट्टीतही ते शाबूत राहतात. इतकी पातळ साय माझ्या दुधावर धरली असती तर सासूनं लाटणं फेकून मारलं असतं. दुपारी कॅन्टीनमध्ये दोघींनी बीटाचं सूप घेतलं. बरं वाटलं. पाय तेवढे ठणकतायत.

६ नोव्हेंबर
आतली खोली काचेची. तिला दोन दारं, एक मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही, धूळ जाऊ नये म्हणून. आत एक छोटी भट्टी, तिच्यात सेन्सर, पाचशे अंशांवर, उन्हाळ्यापासून. किती टिकतो ते बघतायत. समोर एक खुर्ची. ऑगस्टमध्ये लुत्सियान नावाचा म्हातारा तंत्रज्ञ त्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. हृदय. मी विचारलं, खिडकी कोणी उघडली? माणूस गेला की आमच्याकडे पाद्र्याला निरोप धाडायच्याही आधी खिडकी उघडतात, त्याला जायला वाट नको? इथले साहेब डॉक्टर वित्कोव्स्की खो खो हसले. म्हणाले, आजीबाई, आत खिडकीच नाही, निघालाच असेल तर फिल्टरमधून गाळून निघाला असेल. शिकलेल्यांचे विनोद. आता त्या खुर्चीवर दोब्रावा बसते, दिवसाचे आठ तास.

१२ नोव्हेंबर
सेन्सरची रेघ पडद्यावर दिसते. लोहचुंबक जवळ नेला तरच ती हलायला हवी. ही आपली आपण हलते. वर, खाली. दोब्रावा म्हणते, तारेत काहीतरी असेल, तू बादली सांभाळ. मी फडकं पिळता पिळता बघत राहिले. झोपलेल्या माणसाची छाती अशी हलते. मग रेघ थांबली. मी अकरापर्यंत मोजलं. दोब्रावाकडे बघितलं तर तिचाही श्वास थांबलेला. रेघ हलली, मग तिची छाती हलली.

फार थकलेय. थकल्या डोळ्यांना काहीही दिसतं.

१७ नोव्हेंबर
आज सुपाचा चमचा तोंडाशी नेऊन ती तशीच थांबली. एकोणीसपर्यंत मोजलं. काय गं, म्हटलं, तर म्हणे काही नाही आजी, दमले. ओठ निळसर झालेत. घड्याळ मनगटावरून गळतंय. आणि तिकडे रेघ रोज जास्त उंच. डॉक्टर खूश. भट्टी बंद करा, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, अजून तीनशे तास बाकी आहेत, तुम्ही फरशी बघा. म्हटलं, फरशीच बघत होते, तेव्हाच दिसलं की पोरगी वाळत चाललीय. वर बघायला इथं कोणाला सवड आहे?

२१ नोव्हेंबर
केलं एकदाचं. सकाळी सातला, कोणी यायच्या आत, आगीसाठीचं लाल बटण दाबून दोन्ही दारं एकदम उघडली आणि त्यांत बादल्या अडकवल्या. भोंगा कोकलायला लागला. कोकलू दे. दोब्रावा नेमकी लवकर येऊन आत बसली होती. तिला म्हटलं, हलू नकोस, म्हाताऱ्याला जाऊ दे. आतली हवा एकदम बाहेर आली, माझ्या तोंडावरून, कोमट. रेघ खाली बसली ती बसलीच. सपाट.

डॉक्टरांनी मला हाकललं. हाकलू दे. दोब्रावा उठून माझ्याबरोबर घरी आली, गालांवर रंग होता. दोन ताटं बटाटे खाल्ले. आज झोप लागेल.

२२ नोव्हेंबर
दोब्रावा कामावर गेली नाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून आहे. चुलीवरचा तवा तिनं नुसत्या हातानं उचलला. अगं भाजेल, म्हणून मी ओरडले. तिनं तळहात दाखवला. कोरा. लाल ठिपकासुद्धा नाही.

तीच हसते, तीच बोलते. पण मी छाती बघतेय. तीसपर्यंत मोजलं. मग शंभर. मग मोजणं सोडलं.

२३ नोव्हेंबर
माझीच चूक. दारं उघडली तेव्हा आत दोघं होते. म्हातारा भट्टीपाशी घट्ट बसलेला — तीन महिने मुरलेला. पोरगी आपल्या अंगातून अर्धी निसटलेली. वारा आला तेव्हा हलकं होतं तेच —

माझ्या तोंडावरून गेली ती, अंग म्हाताऱ्याला सोडून. कोमट. मी तोंड पुसलं.

२४ नोव्हेंबर
अंगणात हाका मारल्या. दोब्रावा, दोब्रावा. घरातून उत्तर येतं — हे काय, इथंच आहे की मी.

२५
ती चुलीत लाकडं भरतेय. खाली ओव्हन, तोही पूर्ण तापवलेला. त्याचं दार उघडं टाकलंय. खुर्ची ओढलीय समोर. माझ्यासाठी.

म्हणतेय, आजी, जन्मभर राबलीस, ये, बस. एकदा सवय झाली की काही लागत नाही. भाजत नाही. श्वास घ्यायचे कष्टसुद्धा —

जाणार नाही. पण पाय इतके दुखतायत, आणि ऊब इथवर येते. नुसतं टेकलं, घटकाभर, तर काय —