पहाऱ्यावरच्या प्रथिनाबद्दल खुलासा

भालकी, सोमवार

तीर्थस्वरूप तिप्पण्णाकाका यांस अंबिकाचा शरणार्थ. आई बरी आहे, म्हणजे जेवते. तुमच्या गुडघ्याचं मल्लेश्वरीकाकूंकडून कळलं. तो दुखत असूनही आमची गल्ली टाळायला तुम्ही तळ्याकडून वळसा घालता, हेही कळलं.

अप्पांच्या मागे केलेल्या गणाराधनेच्या पंगतीत सगळे विचारत होते, की उसाचं खोडकं पायात गेल्यानं माणूस सहा दिवसांत जातो कसा. हैदराबादला माझं काम त्यावरच आहे, म्हणून बोलले. पेशीत एक प्रथिन पहाऱ्यावर असतं. त्याचा पहारा सुटला, की दुसरं प्रथिन पेशीच्या भिंतीला भोकं पाडतं (भिंत नव्हे, आवरण, प्राण्यांच्या पेशीला भिंत नसते. ही चूक माझी, आणि ती कुणालाच खटकली नाही), पेशी फुटते, आतलं बाहेर सांडतं आणि सूज आणखी भडकते. लोकांना समजावं म्हणून मी कारखान्याच्या गेटचं उदाहरण दिलं. वॉचमन गेला, की चोर आत. त्याच गेटवर तुम्ही बत्तीस वर्षं काढलीत, हे मला वाक्य संपल्यावर आठवलं.

तुम्ही उठलात. "म्हंजी वॉचमन झोपला म्हनून दोस्त गेला, असंच म्हनायलीस न्हवं?" मी म्हणाले, झोपला नाही, निकामी झाला. (नेमका शब्द तोच आहे. तिथं वापरायला नको होता.) वाढलेलं ताट सोडून तुम्ही गेलात. तुमच्या ताटातली गव्हाची गोड हुग्गी शेजारच्या पाटावरच्या बंडेप्पांनी खाल्ली आणि मला विचारलं, हे प्रथिन तुरीच्या डाळीत असतं का.

अप्पांच्या शरीरात नेमकं हेच झालं, असंही मी सिद्ध करू शकत नाही. कुणी तपासलं नाही. गोष्ट प्रथिनाची होती, तुमची नव्हती, एवढंच. अप्पांबरोबर तुम्ही ज्यातून चहा घ्यायचात, तो कप आई रोज संध्याकाळी काढते आणि परत ठेवते. चहाला या.

आपली,
अंबिका

ता. क. डाळीतलं प्रथिन वेगळं, असं बंडेप्पांना सांगा.

आणखी एक. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला फोन केला होता, "पाय काळा पडायलाय, बिदरला न्यावं का?" मी म्हणाले, गोळ्या चालू आहेत ना, दोन दिवस बघा. म्हणजे पहारेकऱ्यानं हाक दिली होती. आईला वाटतं, न्यायला उशीर तुम्ही केलात. तरी कप काढते. तुम्ही तिला काही बोलला नाहीत. चहाला याल तेव्हा तिला खरं सांगा. मी पाचदा सुरुवात केली. प्रत्येक वेळी प्रथिनांवर गेले.