मातीचं गिरजाघर आणि अक्का

२ मे १९३६, शनिवार. आळंद

अक्का जिवंत आहे!

दोनदा लिहून खोडलं. वेडेपणा! चाळिशीला आलेला मास्तर मी. पोरानं वहीत अशी खाडाखोड केली तर छडी उगारतो.

संध्याकाळी नरहरराव ओट्यावर बसून गेले. देवी टोचायला गावोगाव फिरतात आणि येताना गप्पा गोळा करून आणतात. म्हणाले, खजुरीच्या पुढं मिशनची वस्ती हाय, तिथलं मातीचं गिरजाघर एकदा बघा मास्तर. पन्नास वर्षांचं जुनं. दगड न्हाई, वीट न्हाई, नुसती चिखलाची भिंत! आणि आत या उन्हातही गारवा. मग हसून म्हणाले, "आणि दारात ठिपक्यांची रांगोळी! येशूच्या दारात! कोण काढतंय विचारलं, तर म्हणे हन्नाबाई. बामणाची लेक हाय, करजगीची."

करजगीची बाटलेली बामणाची लेक एकच. माझी थोरली सख्खी बहीण अंबू. अकराव्या वर्षी विधवा झाली. एकोणिसाव्या वर्षी ताप अंगात घेऊन मिशनच्या दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. तिनं बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं, त्याच आठवड्यात अप्पांनी, आमच्या वडिलांनी, तिचा घटस्फोट केला — जित्या माणसाला मेलं म्हणण्याचा विधी. पाण्यानं भरलेलं मडकं मोलकरणीनं पायानं उलथवलं. मी सतरा वर्षांचा, दक्षिणेकडं तोंड करून उभा होतो. मग सगळ्यांनी आंघोळी केल्या.

त्याच वर्षी करजगी सोडून इथं आलो. आळंदमध्ये सगळ्यांना माहीत आहे की अक्का प्लेगात गेली. बावीस वर्षं मीही तेच सांगतोय. इतक्या वेळा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं.

३ मे

अप्पांना सांगितलं नाही. बायकोला, सुमतीलाही नाही. हे कळलं तर उद्या पंगतीतून उठवतील आम्हाला.

८ मे, शुक्रवार

निजामाचं राज्य, म्हणून शुक्रवारी शाळेला सुट्टी. शेजारच्या वीरभद्रप्पाचा छकडा मागून घेतला. घरी म्हणालो, एक जुनी इमारत बघून येतो. सुमती म्हणाली, "या उन्हात इमारत? डोकं फिरलंय का तुमचं?" अप्पा जपाची माळ ओढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

चार कोस. पाठ मोडली.

गिरजाघर म्हणजे काही फार मोठं नाही. बुटकं, रुंद, कडब्याच्या गंजीच्या रंगाचं. भिंती दोन हात जाड, आणि खिडक्या इतक्या खोल की आत तान्हं मूल निजवावं. वर माळवद, पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. घंटा बाहेर कडुनिंबाला टांगलेली. आत गेलो आणि शेणामातीचा वास आला, थेट करजगीच्या माजघराचा! परक्या देवाच्या घरात आलोय असं वाटेना. घरी आल्यासारखं वाटलं, आणि त्याचाच राग आला.

बायका भिंती लिंपत होत्या. दरवर्षी मिरगाच्या आधी लिंपतात, नाहीतर पावसात सगळं गिरजाघर ओढ्याला मिळेल. यल्लम्मा नावाची म्हातारी हुकूम सोडत होती. तिनं सांगितलं, हरेक बाईचा भिंतीचा तुकडा ठरलेला असतो, दुसरीनं हात लावायचा नाही.

"हन्नाबाईंचा कोणता?"

"त्या खिडकीखालचा."

तो तुकडा अजून कोरडा होता. गेल्या वर्षीच्या बोटांचे फराटे तसेच होते.

"त्या कुठं आहेत?"

यल्लम्मा इकडंतिकडं बघायला लागली. पलीकडं चिखल तुडवणारी एक बाई कानडीत काहीतरी पुटपुटली. मग यल्लम्मा म्हणाली, "हुमनाबादला गेलीया. कवा येती ठाव न्हाई."

थोड्या वेळानं तीच चिखल तुडवणारी बाई हात धुऊन पाणी घेऊन आली. सुकलेली, पुढचे दात पडलेले, पदर कपाळावर, कोपरापर्यंत माती. मी म्हणालो, "नको, आत्ताच प्यालो." कुठं प्यालो होतो! घशाला कोरड पडली होती. पण ख्रिस्ती बाईनं पाणी पुढं केलं की तोंडातून आपोआप हेच निघतं. ती जरा वेळ उभी राहिली. मग लोटा खिडकीत ठेवून निघून गेली.

हात हलवत परत आलो.

१३ मे, बुधवार

बाजाराचा दिवस. शाळा सुटली तर फाटकाशी यल्लम्मा उभी! कडुनिंबाच्या आडोशाला नेलं मला.

"मास्तर, राग धरू नका. पानी दिली ती हन्नाच व्हती."



"मग बोलली का नाही?"

"बोलणारच व्हती की. तुमी दारात आलाव तवाच वळखली. मला म्हणली, सांगू नको, आदी पानी देते. पानी घेतला तर भाऊ, न्हाई घेतला तर बामण."

"तिनं पाठवलंय का तुला?"

"न्हाई वो. तिला कळलं तर मला उभं करणार न्हाई. पाच दिस झाले, धड जेवायली न्हाई ती."

बावीस वर्षांनी बहीण हातभर अंतरावर उभी होती आणि मला ओळखता आली नाही. तिनं मला ओळखलं. दोनदा ओळखलं.

१५ मे, शुक्रवार

पहाटे उठून छकडा मागायला गेलो. वीरभद्रप्पा म्हणाला, "परत इमारत बघायला जायलाव का मास्तर?" आणि बायकोकडं बघून हसला. मी म्हणालो, "छे, सहज आलो होतो." परत आलो. भित्रा! शाळेत पोरांना शूरांच्या गोष्टी सांगतो.

२२ मे, शुक्रवार

गेलो नाही. कारण लिहीत नाही. कारण नव्हतंच.

२६ मे, मंगळवार

खजुरीकडं पटकीची साथ आलीय. नरहररावांना विहिरींत औषध टाकायला तिकडं पाठवलंय. सुमती म्हणते, त्या बाजूला फिरकायचं नाही. उद्या जातो. शाळा गेली चुलीत. उद्या नक्की.

२८ मे, गुरुवार

काल गेलो. छकडा मागायला नको म्हणून चालत गेलो.

अक्का मंगळवारी पहाटेच गेली. मी इथं 'उद्या नक्की' लिहीत होतो तेव्हा तिला पुरून झालं होतं.

सिद्धप्पा मास्तर तिथली प्रार्थना चालवतात. ते मला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. ओल्या मातीचा ढीग, दुसरं काही नाही. म्हणाले, "पाटी लावायची हाय. हन्ना लिहितो. पण बापाचं नाव ती कधी सांगितली न्हाई. तुम्हाला ठाव हाय का?" मी मान हलवली. नाही म्हणून.

गिरजाघर सगळं लिंपून झालं होतं. फक्त खिडकीखालचा तुकडा कोरडा होता. यल्लम्मा म्हणाली, "मेलेल्या बाईचा तुकडा घरच्या माणसानं लिंपायचा. घरचं कोन नसंल तर तसाच ऱ्हातंय. पावसात जातंय." एवढं बोलून माझ्यापुढं चिखलाचं घमेलं ठेवलं. बाई शहाणी.

मी खाली बसलो. धोतर खोचलं, चिखलात हात घातला. आयुष्यात कधी भिंत लिंपली नव्हती. पहिला गोळा भिंतीवर थापला. बोटं ओढली. तिच्या फराट्यांवरून माझे फराटे. तिची बोटं माझ्याहून बारीक होती. रडायला आलं, आणि तेवढ्यात मागून आवाज —

"मास्तर? तुम्ही हितं? आन् हे काय करायलाव?"

नरहरराव! हातात औषधाची बादली.

"काही नाही," मी म्हणालो. "इमारत बघायला आलो होतो. हे लोक लिंपतात कसं, ते बघत होतो."

उठलो. हात धुतले. यल्लम्मा बघत होती, सिद्धप्पा मास्तर बघत होते.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निघताना यल्लम्माकडं पाणी मागून घटाघटा प्यालो. पटकीच्या गावचं पाणी! आता पिऊन काय उपयोग? कुणाला दाखवायला?

२९ मे, शुक्रवार

सकाळी सुमतीला सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, "एकदा मला तरी सांगायचं होतं. मी गेले असते." खरंच गेली असती ती.

दुपारी अप्पांपुढं जाऊन बसलो. म्हणालो, "अप्पा, अक्का गेली. मंगळवारी. पटकीनं."

माळ थांबली. शहात्तर वर्षांचा चेहरा, त्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. "कोण अक्का?"

"अंबू."

माळ पुन्हा सुरू झाली.  मी उठलो.

शास्त्राप्रमाणं त्यांचंच बरोबर आहे. घटस्फोट केलेल्या माणसाचं सुतक नसतं. बावीस वर्षांपूर्वी मेलेली बाई मंगळवारी पुन्हा कशी मरेल? आणि तो विधी झाला नसता, तरी लग्न करून दिलेली लेक. माहेरी तिचं सुतक तीनच दिवस, दहा धरायचे ते घरच्या माणसाचे. आम्ही तेही धरणार नाही. संध्याकाळी अप्पा रोजच्यासारखे जेवले. ताक मागून घेतलं.

मिरगाला आठ दिवस उरले. तिचा तुकडा अर्धा ओला, अर्धा कोरडा, मी सोडला तसा असेल. पाटीवर बापाचं नाव नाही. हे दोन्ही माझ्या हातात होतं. मी हात धुऊन घरी आलो.

३० मे, शनिवार

सकाळी पूजेला बसलो. काठीचा आवाज आला. अप्पा देवघराच्या दारात उभे. ओलेत्यानं, अंगावरून पाणी निथळतंय. आडावर एकट्यानं जाऊन आंघोळ केलेली.

"देवाला हात लावू नको," म्हणाले. "सुतक हाय."

 मास्तरकी आडवी आली. म्हणालो, "दिल्या लेकीचं तीन दिवस असतं, अप्पा."

"दहा धर. मी माझी पोर कुणालाच दिली न्हाई."