मार्चातला स्लॅब

१९ मार्च
लडाखमधी अजून पाणी गोठतंय. जवानांच्या नव्या बराकीच्या भिंती झाल्यात, स्लॅब राहिला. अंकुश मुकादम, आमच्या केजचाच, म्हणतो एकतीसच्या आत टाकायचा. न्हाई तर मंजूर पैसा दिल्लीला वापस.
"मग येवढे दिवस कावून थांबलतो?"
"मंजुरीच आत्ता आली बे. फावडं धर."

२२ मार्च
ट्रक आला. आमाला वाटलं रॉकेल. निघाले गार पाण्याचे कूलर! संतोषदादा उतरून घेत होता. जवान हाय, धारूरचा. म्हणला, "गावाकडं पाठवू का रं? पाणी मातर तू शोध." लई हसलो.
रॉकेलचं खातं येगळं, ते संपलं. कूलरच्या खात्यात शिल्लक होती, म्हणून कूलर.

२६ मार्च
काल स्लॅब टाकला. पाणी तापवून माल कालवला. वर गोण्या, ताडपत्री, कूलरचे खोके बी झाकले. खालून शेकायला रॉकेल पाहिजे होतं, ते कुठून...
आज कडंला नखानं खरवडलं. वाळूवानी निघालं.

२९ मार्च
बिलाला फोटो पाहिजे, काम पूर्ण झाल्याचा. म्हणून मुकादम म्हणतो सेंट्रिंग काढा, खालचे टेकू, फळ्या सगळं. गावाकडं भर उन्हाळ्यात बी इतक्या लवकर काढत न्हाई. इंजिनियर साहेबाला बोललो. तेनं मान खाली घातली. "मला कळतंय. फोटो झाला की टेकू परत लावा."
फोटो झाला. टेकू आणायला गेलो तर ते ट्रकात भरून दुसऱ्या साईटला गेलते.

१ एप्रिल
बिल गेलं. मुकादमानं पेढे वाटले. मी घेतला न्हाई.
"जयंतीला घरी जायचंय ना? मग तोंड बंद ठिव."
मायचा फोन. निळा शर्ट घेऊन ठिवलाय म्हणली. बरं म्हणलं. 

३ एप्रिल
दुपारपसून बर्फ. तंबू फाटले, म्हणून जवानांना आजच बराकीत हलवलं. संतोषदादानं मधोमध खाट टाकली. खूश. "बघ, आपल्या बीडच्या हातची बराक!"
म्हणलं, दादा, खाट भिंतीला घे.
"कावून?"
सगळं सांगितलं. हसंल वाटलं, हसला न्हाई. वर बघत राहिला.
"भिंतीला किती जण मावतील रं? सकाळी आमच्या साहेबापुढं चल. हेच बोलशील?"
हो म्हणलं. आमचा तंबू बी फाटला, मी हितंच बराकीत बसून लिहितोय.
आमाला घरी न्यायची मुकादमाची जीप बी सकाळीच खाली निघती. ती चुकली की मग