कोळशाची मारबत

एकोडी, १९८४

टिकाराम भाऊ,

तू मुकादम आहेस त्या कोळसा डेपोची भुकटी आमच्या धानावर अन् लेकराईच्या छातीत बसून राहिली. अर्जाले कोणी विचारत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा रोगराई घेऊन शिवेबाहेर जळते. यंदा आम्ही बायांनी तो भुकटीनं माखून तुमच्या गेटावर नेला. "खोकला घेऊन जा गे मारबत!" एवढंच ओरडलो. अन् तू पोलिसाले माह्याकडं बोट दाखवलं, "पुढारीण हे!" त्याच मनगटावर माही राखी होती रे!

भाऊबीजेले तू येशीनच. तुह्या कपाळाले कुंकू नाही, तीच भुकटी लावीन. म्हणून हे पत्र टाकत नाही. वाचशीन तर येशीन नाही.

तुही बहीण,
कुंता